डावीकडचं दार

"टोकन क्रमांक एकतीस. आपण उत्तीर्ण होऊ शकला नाहीत. कृपया डावीकडच्या दाराने बाहेर जा. आपला दिवस शुभ असो."

आवाज इतका गोड होता की एकतीस नंबरचा मुलगा आधी हसला. मग त्याला वाक्य कळलं. तो उठला, फाइल काखेत मारली आणि डावीकडच्या दाराने बाहेर गेला. दार त्याच्यामागे आपोआप लागलं.

"गेलं बिचारं," तोच आवाज माझ्या शेजारून आला. फक्त या वेळी त्यात चिवडा होता.

आवाज वृषालीताई हेडाऊंचा. मशीनमधलाही आणि शेजारचाही. नागपुरात 'पुकार सिस्टिम्स' नावाची आमची छोटी कंपनी होती. दवाखान्यात, बँकेत तुम्ही टोकन घेऊन बसता आणि एक बाई तुमचा नंबर पुकारते, ते मशीन आम्ही बनवायचो. कंपनी सुरू झाली तेव्हा आवाजासाठी कोणी मिळेना, म्हणून देवतळे सरांनी वृषालीताईंच्या डोक्यावर ब्लँकेट टाकून त्यांना एकपासून नऊशे नव्याण्णवपर्यंत आकडे म्हणायला लावले होते. तेव्हापासून अर्धं नागपूर त्यांच्या आवाजावर उठायचं-बसायचं. एकदा बँकेत त्यांना त्यांच्याच आवाजाने "कृपया प्रतीक्षा करा" असं सांगितलं आणि त्या मुकाट्याने बसल्या होत्या.

"आज किती झाले बे?" त्यांनी मला विचारलं.

"एकतीसच्या एकतीस नापास."

त्यांनी पोटावर हात ठेवला. नववा महिना लागला होता. "हे पोरगं आतून सगळं ऐकून राहिलं असंन. जन्माला यायच्या आधीच घाबरून जाईल."

आम्ही एके काळी अकरा जण होतो. मग दोन पुण्याला गेले, तीन बंगळुरूला, एक हैदराबादला. एक जण म्हणाला, मी दुधाचा धंदा करतो. आम्हाला तो टोमणा वाटला. तो खरंच दुधाचा धंदा करतो. असं करत करत उरलो चौघं: वृषालीताई, प्रणय ढोके, मी, आणि देवतळे सर. गिऱ्हाईकाने "तुमची टीम किती जणांची?" असं विचारलं की सर "आठ-दहा" म्हणायचे आणि आमच्याकडे बघायचे. जणू आम्ही जरा ऐसपैस बसलो तर भागेल.

वृषालीताईंच्या रजेला कोणाचीच ना नव्हती. "तू जा न वृषाली, तुला कोण अडवून राहिलं?" सर रोज म्हणायचे. "फक्त जायच्या आधी कोणाला तरी काम समजावून जा."

समजावायचं कोणाला, हा प्रश्न होता. प्रणयकडे पडद्यावरचं काम होतं, माझ्याकडे भिंतीवरचे आकड्यांचे फलक. पण मशीनचं डोकं, म्हणजे कोणाच्या नंतर कोणाचा नंबर, म्हाताऱ्याला आधी सोडायचं की ताप आलेल्या लेकराला, हे ठरवणारा सगळा भाग ताईंचा होता. मी तो एकदा उघडून पाहिला होता. कोणी आंघोळ करत असताना चुकून दार उघडावं आणि तसंच ओढून घ्यावं, तसा लगेच बंद केला.

तेवढ्यात सर हैदराबादला एका परिषदेला गेले. येताना त्यांनी एक पिशवी आणली, एक पाण्याची बाटली आणली आणि एक कल्पना आणली.

"माणसं निवडताना मध्ये माणूसच नको," सर म्हणाले. "माणूस आला की वशिला आला. ओळख आली. दया आली. आपलं मशीन प्रश्न विचारेल, आपलं मशीन मार्क देईल, आपलं मशीन निकाल सांगेल. सत्तर किंवा वर आत, सत्तरच्या खाली बाहेर. मशीनच्या वर कोणी नाही. मी पण नाही."

प्रश्न काढायचं काम आम्हा तिघांना दिलं. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच मार्क. प्रणयने त्याचे कुठल्याशा परदेशी कंपनीच्या परीक्षेतून उचलले. मी इंटरनेटवर एक जागा शोधली, जिथे एकाच उत्तरावरून पंधरा-वीस जण भांडत होते. त्यातला जो सगळ्यात सभ्य भाषेत भांडत होता त्याचं उत्तर मी बरोबर धरलं. मला ना प्रश्न कळला होता ना उत्तर, आणि म्हणूनच प्रश्न चांगला अवघड आहे अशी माझी खात्री होती. आपल्यापेक्षा हुशार माणूस हवा असेल तर आपल्याला न येणारंच विचारलं पाहिजे, असा आमचा हिशोब.

वृषालीताईंनी एकच साधा प्रश्न लिहिला होता: दवाखान्यात दोनशे पेशंट बसले आहेत आणि मशीन बंद पडलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कोणाला सांगाल?

"ताई," प्रणय हसत म्हणाला, "ही इंजिनीअरची परीक्षा आहे की शिपायांची भरती?"

मीही हसलो. तो प्रश्न काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रणयचा एक अजून टाकला.

तर असा तो थेट मुलाखतीचा दिवस. रिसेप्शनमध्ये खुर्च्या, समोर आमचं मशीन, बाजूच्या छोट्या खोलीत परीक्षेचा कॉम्प्युटर. उजवीकडचं दार आमच्या ऑफिसात उघडायचं. डावीकडचं दार आग लागली तर पळायच्या जिन्यात, तिथून थेट खाली पार्किंगमध्ये. ते फक्त आतून उघडायचं. एकदा बाहेर गेलं की बाहेर.

अडतीस नंबरला आल्या रंगारी मॅडम. कल्याणी रंगारी. चाळिशीच्या आसपासच्या, पायात धावायचे बूट, हातात जेवणाचा डबा ठेवलेली पिशवी. नंबर यायच्या आधीच त्यांनी न विचारता आम्हाला सगळं सांगितलं. पुण्यात विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्या काम करायच्या. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून नागपूरला आल्या. आठ वर्षं काढली. सासूबाई गेल्या. "आता घरात सकाळी दहानंतर मला कोणी हाक मारत नाही," त्या म्हणाल्या, "तर म्हटलं बाहेर बघावं." मग त्यांनी रिसेप्शनमधल्या सगळ्यांना स्वतःचा फोन नंबर देऊन टाकला. मलाही दिला.

परीक्षा देऊन त्या बाहेर आल्या. भिंतीवरच्या फलकावर आकडा आला: पासष्ट. त्या दिवसातला सगळ्यात मोठा आकडा.

"टोकन क्रमांक अडतीस. आपण उत्तीर्ण होऊ शकला नाहीत. कृपया डावीकडच्या दाराने..."

मॅडम उठल्याच नाहीत.

"मॅडम, दार तिकडे आहे," प्रणयने नम्रपणे सांगितलं.

"दिसून राहिलं मला. एक विचारू? हे प्रश्न कोणी काढले?"

प्रणयने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. सत्कारात नाव घेतल्यावर माणूस करतो तसे विनयाचे चेहरे केले.

"आम्हीच."

"अरे वा. म्हणजे तुम्हाला येतच असतील."

"अर्थात," प्रणय म्हणाला.

"मग बसा न एकदा. मी थांबते. डबा पण खायचा आहे मला."

एवढ्यात सर केबिनमधून बाहेर आले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता मॅडमना सन्मानाने घालवतील. पण सर तत्त्वाचे माणूस. त्यांचा चेहराच खुलला. "बरोबर बोलल्या त्या. मशीनसमोर सगळे सारखे. ढोके, टोकन घे. मग निनाद. मग मी."

प्रणय हसत गेला आणि हसत आला. फलकावर चाळीस आले.

"टोकन क्रमांक एकोणचाळीस. आपण उत्तीर्ण..."

त्याने वृषालीताईंकडे असं पाहिलं, जणू त्याच बोलल्या.

"मी काहीच नाही म्हणलं बे," ताई म्हणाल्या.

"जा मग," सर म्हणाले.

"कुठे सर?"

"डावीकडे. नियम आहे."

प्रणय डावीकडे गेला. दार लागलं.

मी आत बसलो. पहिले दहा प्रश्न कोणत्या विषयाचे होते हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. अकरावा पाहिला आणि जीव भांड्यात पडला, कारण तो माझाच होता. लग्नघरात कोणी ओळखीचं दिसावं तसं झालं. उत्तर 'ब' होतं की 'ड', एवढंच आठवत नव्हतं. मी बराच विचार करून 'ब' दिलं.

'ड' होतं. स्वतःचा प्रश्न मी स्वतः चुकलो.

फलकावर पस्तीस आले. ताईंनी माझ्याकडे न बघता चिवड्याचा डबा माझ्यापुढे केला. मी एक घास घेतला आणि डावीकडच्या दाराने बाहेर गेलो.

खाली पार्किंगला लागून चहाचा ठेला होता. सकाळपासून आम्ही नापास केलेले पंचवीस-तीस जण अजून तिथेच होते. मी कंपनीचं ओळखपत्र घाईघाईने शर्टात कोंबलं. प्रणय एका स्कूटरमागे उभा राहून फोनवर बोलत होता. त्याचा फोन वर टेबलावर राहिला होता, हे मला माहीत होतं. तो नुसताच कानाला हात लावून बोलत होता.

"कितीवर गेला भाऊ?" एकतीस नंबरच्या मुलाने विचारलं.

"पस्तीस."

सगळे जरा जवळ सरकले. मयताला जमल्यासारखे.

"दहावीत पास झाले असते तुम्ही," एक जण समजुतीने म्हणाला.

"टेन्शन नका घेऊ बे. पेपरच भैताड होता," एकतीसने माझ्या हातात स्वतःचा चहा दिला. "मला तर वाटते, काढणाऱ्यालाच येत नसंन."

"नसेल," मी म्हणालो. त्या दिवशी मी दिलेलं ते एकमेव बरोबर उत्तर.

मग जिन्याचं दार उघडलं आणि टाय घातलेले देवतळे सर बाहेर आले. मागे दार लागलं. सरांनी ते एकदा ओढून पाहिलं.

"काका, तुम्ही पण?" एकतीस ओरडला. "या वयात? मानलं काका तुम्हाला! ए, काकांना बसायला द्या रे."

स्टूल आलं. चहा आला. "कितीवर गेले काका?"

सरांनी कपाकडे बघत सांगितलं, "पंचवीस."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकाने सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की परसोडीला पुढच्या आठवड्यात अजून एक मुलाखत आहे, तिथे वयाची अट नाही. सरांनी त्याचे आभार मानले. आम्ही तिघांनी, ज्यांना नापास केलं त्यांच्याच पैशाचा चहा प्यायला, आणि आपण कोण ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. लिफ्टपर्यंतसुद्धा आम्ही एकेक करून गेलो, लांबून वळसा घालून.

वर रिसेप्शनचं दार उघडलं, तेव्हा मशीन असं काही बोलत होतं, जे त्याने आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

"अभिनंदन! आपली निवड झाली आहे. कृपया उजवीकडच्या दाराने आत या."

मशीनसमोर वृषालीताई उभ्या होत्या, हातात टोकन. फलकावर पंच्याहत्तर. रंगारी मॅडम टाळ्या वाजवत होत्या. दोघींनी मिळून डबा आणि चिवडा दोन्ही संपवलेले दिसत होते.

"बसायचं म्हणून बसले," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिघं गेले, करमत नव्हतं."

सर फलकाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"झालं," ते म्हणाले. "जागा भरली."

ताई हसल्या. मॅडम हसल्या. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. मशीनने आपणहून पत्र पाठवलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं: "प्रिय वृषाली हेडाऊ, श्रीमती वृषाली हेडाऊ यांच्या रजेच्या काळात त्यांच्या जागी आपली नियुक्ती करण्यात येत आहे. आपण तत्काळ रुजू व्हावे..." पुढचं त्यांना वाचता येईना. हसून हसून त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "सर, पोटात दुखून राहिलं, बस करा न."

सर हसत नव्हते.

"एक जागा होती, एक जण पास झाला," ते शांतपणे म्हणाले. "मशीनच्या वर कोणी नाही असं मीच सांगितलं आहे. बाहेर चाळीस लोकांना आपण हेच सांगून हाकललं. आता मी ते फिरवू?"

"सर, पण मला सुटी पाहिजे होती."

"दिली न. आजपासून. तुझ्या जागी माणूस आला."

"कोण?"

सरांनी फलकाकडे बोट केलं.

सगळ्यात आधी रंगारी मॅडमचं हसू थांबलं. त्या सरळ उभ्या राहिल्या. "सर, थट्टा पुरे. माझे पासष्ट आहेत, एका प्रश्नाचा फरक. मी उद्यापासून येते. ह्या मला दोन-तीन दिवसांत समजावून देतील आणि निवांत जातील. नाहीतर त्यांना तिकडे खाटेवर पण फोन जातील, हे तुम्हाला माहीत आहे."

सर विचारात पडले. खरंच पडले. मग आमच्याकडे वळले. "बोला. तुमचं म्हणणं काय? सत्तरच्या खालचं माणूस घ्यायचं का? तुम्ही दोघं हो म्हणाल तर मी मशीनला बाजूला ठेवतो."

प्रणय त्याच्या बुटांकडे पाहू लागला. चाळीस मार्कांचा माणूस दुसरीकडे कुठे पाहणार.

राहिलो मी.

हो म्हणायला एवढंसंच लागत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ आली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर पासष्ट बसली आहे. ती माझा कोड उघडून वाचते आहे. आणि ती, सर, प्रणय, ठेल्यावरचा चहावाला, सगळ्यांना माहीत आहे की ह्याला पस्तीस आहेत. सत्तरच्या खालचा माणूस घेता येतो असं एकदा ठरलं, की सत्तरच्या खालचा माणूस काढता येतो का, हा प्रश्न किती लांब असणार?

"नियम तर नियमच आहे न सर," मी म्हणालो.

माझा आवाज मशीनसारखा गोड आला होता.

वृषालीताईंचं हसू तोवर संपलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी काही उत्तर दिलं असतं. त्यांनी, एखादी वस्तू ठेवली होती तिथे नाही म्हटल्यावर माणूस बघतो, तसं पाहिलं.

रंगारी मॅडमनी रिकामा डबा पिशवीत टाकला. समोरचं मुख्य दार उघडं होतं. त्या डावीकडे गेल्या.

"मॅडम, इकडून जा न," मी म्हणालो.

"नाही. मशीनने सांगितलं न," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. आमचं मशीन अडकलं होतं. सकाळपासून एकच नंबर पुकारत होतं.

"रिप्लेसमेंटला फोन लाव," सर म्हणाले.

"सर, ती..."

"तिची नियुक्ती झाली आहे निनाद."

फोन बंद होता. घरी लावला तर कळलं की ताईंना सकाळीच कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं आहे. कोणत्या दवाखान्यात, ते विचारलं. मी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघ, किती सोपं झालं. ती साइटवरच आहे, मशीनच्या शेजारी. लॅपटॉप घेऊन जा."

मी गेलो. हे वाक्य लिहिताना मध्ये काहीतरी घालावं, मी थोडा थांबलो, सरांशी भांडलो, असं वाटतं. तसं काही झालं नाही. स्कूटर काढली आणि गेलो.

प्रसूतिगृहाच्या मोठ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अवघडलेल्या बाया, त्यांच्या आया, सासवा, नवरे. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून तो आवाज: "टोकन क्रमांक सात. कृपया थोडी प्रतीक्षा करा. टोकन क्रमांक सात. कृपया थोडी प्रतीक्षा करा." सात नंबरची बाई केव्हाच बाळ घेऊन वरच्या मजल्यावर गेली होती.

ताईंचे यजमान परागभाऊ मला पाहून धावतच आले. "अरे निनाद! आई, बघ, ऑफिसातून भेटायला आले. याला म्हणतात माणसं." त्यांच्या आईने माझ्या गालावरून हात फिरवला. मी लॅपटॉप पाठीमागे धरला होता.

"एक मिनिट भेटून घे," परागभाऊ म्हणाले. "आत्ता घेऊन जातील तिला."

ताई खाटेवर होत्या. कपाळावर केस चिकटलेले. मला पाहून त्या आधी हसल्याच.

"मागे काय लपवून राहिला बे?"

"काही नाही ताई. डबा आहे."

"डब्याला वायर असते का?"

चार्जरची वायर माझ्या पायाशी लोंबत होती.

बाहेरून त्यांचाच आवाज येत होता, टोकन क्रमांक सात, कृपया थोडी प्रतीक्षा करा. ताईंनी डोळे मिटले. "दे इकडे," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. तेवढ्यात कळ आली आणि त्या हाताने खाटेची दांडी पकडली. बोटं पांढरी पडली.

परागभाऊंनी लॅपटॉपकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ते बाजूला झाले, मला बाहेर जाता यावं म्हणून.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि फोन काढला. एकच नंबर सुचला.

"मॅडम, मी पुकारमधून निनाद खोडके."

"कोण?"

"टोकन चाळीस."

"हां, पस्तीस! बोला पस्तीस."

"मॅडम, मशीन अडकलं आहे. तुम्ही येऊ शकाल का? आत्ताच्या आत्ता. सरांशी मी बोलतो, मी सांगतो त्यांना की..."

"मी सोमवारपासून दुसरीकडे लागले न. त्यांनी एकच विचारलं, कधीपासून येता?" त्या थांबल्या. फोनमधून त्यांनाही मागचा आवाज ऐकू गेला असावा. "कुठे आहात तुम्ही?"

मी सांगितलं.

"अन् त्या?"

मी तेही सांगितलं.

"किती माणसं बसली आहेत?" त्यांनी मग विचारलं.

"शंभर-दीडशे."

"मग मला काहून फोन करून राहिले? आधी तिथल्या शिपायाला सांगा, उभा राहून नावं पुकार म्हणा. पोटुशा बाया आहेत, बापा. मशीनचं मग पाहता येते."

आम्ही हसून काढून टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी एका दमात दिलं होतं. पाच मार्क.

मी शिपायाला शोधायला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "शिपाई? तुमचं मशीन बसवलं तेव्हाच त्याला कमी केलं न."

मग मी मशीनची वायर ओढली, एक स्टूल घेतलं आणि त्यावर उभा राहिलो. "आठ नंबर!" माझा आवाज चिरका आहे. "आठ नंबर कोण आहे?" एक बाई उठली. मग नऊ. मग दहा. एका आजीबाईने शेजारणीला विचारलं, आधीची बाई बरी बोलत होती, तिला काहून काढलं?

मी किती नंबर पुकारले ते माहीत नाही. केव्हातरी आतलं दार उघडलं आणि परागभाऊंची आई कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली. मुलगी. ती अशी रडत होती की माझे नंबर कोणाला ऐकू जाईनात. आजीने झुलवलं, थोपटलं, नर्सने काही करून पाहिलं. "आईला अजून टाके घालून राहिले," आजी म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बापा, ते तुमचं मशीन लाव न जरा."

"ते बिघडलं आहे आजी."

"बिघडू दे. लाव."

मी वायर लावली.

"टोकन क्रमांक सात. कृपया थोडी प्रतीक्षा करा."

पोर गप्प झालं. एकदम. तोंड उघडंच राहिलं, डोळे कुठेतरी वर. खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"टोकन क्रमांक सात. कृपया थोडी प्रतीक्षा करा."

"आईचा आवाज वळखते," आजी कौतुकाने म्हणाली. "आतून ऐकला असंन न."

ऐकला होता. हा आवाज तिने कुठे बसून ऐकला, किती महिने, आणि याच आवाजातलं नापासाचं वाक्य किती लोकांसाठी ऐकलं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी स्टुलावर उभा होतो आणि मला खाली उतरावंसं वाटत होतं. पण खाली कुठे जायचं ते कळत नव्हतं.

मग आतून, बंद दारामागून, खरा आवाज आला. थकलेला, फाटलेला, आणि अजिबात गोड नसलेला.

"अबे निनाद! बंद कर ते! मी सुटीवर आहे!"

मी वायर ओढली. पोर पुन्हा रडायला लागलं. माझ्या खिशात फोन थरथरत होता. सर होते.

"भेटली का रिप्लेसमेंट?"

"भेटली सर. ती सुटीवर आहे."

"सुटीवर?" सर गोंधळले. "मग तिच्या जागी कोण आहे?"

समोर पंचवीस-तीस बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीने पाठीला हात लावून नुसतीच भुवई उचलली.

"सध्या मी आहे सर," मी म्हणालो. "पस्तीसवाला."

फोन खिशात टाकला आणि पुढचा नंबर पुकारायला तोंड उघडलं.